चिखलातले पिवळसर पाय

मागच्या ऑक्टोबरमध्ये ठाणे खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनजवळच्या पाणथळ जागेत, ओहोटीच्या वेळी, मी एका टिलव्याची, म्हणजे चिखलात चरणाऱ्या छोट्या पाणपक्ष्याची, छायाचित्रे काढली आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरील त्या दिवसाच्या यादीत तो लाँग-टोड स्टिंट या जातीचा टिलवा म्हणून नोंदवला. हा पक्षी मुंबई परिसरात क्वचितच दिसत असल्यामुळे यादी भरतानाच तपशील विचारला गेला. ‘पाय पिवळसर, पाठ तांबूस व खवलेदार’ एवढे लिहून मी सर्वांत स्पष्ट आलेले छायाचित्र जोडले. चार दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या परीक्षकांची मेल आली. हे काम अनुभवी पक्षीनिरीक्षक स्वयंसेवेने करतात, आणि त्यांनी अतिशय सौम्य शब्दांत विचारले होते की पायांच्या रंगाशिवाय आणखी कोणता आधार आहे आणि त्याच पक्ष्याची इतर छायाचित्रे आहेत का.

मला वाईट वाटले, हे मान्य करते. तरीही त्या रात्री मी पक्ष्यांची पुस्तके घेऊन बसले. चिमणीपेक्षाही लहान असलेल्या छोट्या टिलव्याचे, म्हणजे लिटल स्टिंटचे, पाय काळे असतात आणि त्याच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लाच्या पाठीवर दोन फिकट रेषा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या जुळतात. लाँग-टोड स्टिंटची मान त्यामानाने लांब, उभे राहण्याची ढब ताठ आणि पायाचे मधले बोट ठळकपणे लांब असते. माझ्या छायाचित्रात मान आखूड होती आणि वळलेल्या डोक्याआड अर्धवट का होईना, पण तो ‘व्ही’ दिसत होता. मग पाय पिवळसर कसे?

उत्तर माझ्याच मेमरी कार्डात होते. कॅमेरा सलग टिपत राहिल्याने त्या एकाच पक्ष्याच्या ४६ फ्रेम मिळाल्या होत्या, परंतु मी एक निवडून बाकीच्या पाहिल्याच नव्हत्या. एकतिसाव्या फ्रेममध्ये तो चिखलातून एका उथळ ओहळात उतरतो, अडतिसाव्यात पलीकडे निघतो, आणि तेव्हा त्याचे पाय स्वच्छ काळे आहेत, फक्त सांध्याच्या वर चिखलाचे बारीक कडे उरले आहे. खाडीचा अर्धवट वाळलेला चिखल सकाळच्या कोवळ्या उन्हात पिवळसर दिसला होता.

यादी उघडून मी प्रजाती बदलून छोटा टिलवा केली, ओहळात उतरण्यापूर्वीची, उतरतानाची आणि नंतरची अशा तीन फ्रेम जोडल्या आणि परीक्षकांना चूक कशी झाली ते सविस्तर कळवले. दुरुस्तीला दहा मिनिटेही लागली नाहीत. या नोंदी कोणाच्या तरी हौसेपुरत्या राहत नाहीत; २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा अशाच सामान्य निरीक्षकांच्या याद्यांवरून घेतला गेला. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला आहे, आणि तिथे नसलेला पक्षी माझ्या हातून कायमचा नोंदला गेला असता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आता पहिले चांगले छायाचित्र मिळाले तरी मी जागेवरून उठत नाही. भरतीचे पाणी टिलव्यांच्या पायांपर्यंत येईस्तोवर थांबते, आणि पाय धुतले गेल्यावर पुन्हा टिपते.