रविवारच्या दोन तासांसाठी कंपनीची परवानगी: माझा अनुभव

कोथरूडमधल्या एका छोट्या क्लासमध्ये रविवारी सकाळी दोन तास जर्मन शिकवायचं, तेही अगदी ए-वनच्या, म्हणजे पहिल्या पातळीच्या मुलांना, एवढंच मला हवं होतं. नोकरी हिंजवडीत, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची. अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक कलम आहे: लेखी परवानगीशिवाय दुसरं कुठलंही काम, मोबदला घेऊन किंवा न घेता, कोणत्याही वेळी करता येणार नाही. रविवारची सकाळसुद्धा त्यात आली. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

मॅनेजरने लगेच होकार दिला. पोर्टलवरचा फॉर्मही भरून झाला. मग अर्ज लीगलकडे, म्हणजे कायदा विभागाकडे गेला आणि तिथेच रुतला.

लीगलचा आक्षेप असा, की कंपनीचा स्वतःचा ट्रेनिंग विभाग आहे, म्हणून 'शिकवणं' हा कंपनीशी स्पर्धा करणारा व्यवसाय ठरतो. आमचा विभाग बँकांच्या कर्मचाऱ्यांना आमचंच सॉफ्टवेअर वापरायला शिकवतो. मी नववीतल्या मुलांकडून डेअर, डी, दास ही जर्मन उपपदं घोकून घेणार. मी हे सविस्तर लिहून कळवलं, पण उत्तर आलं नाही. तिकिटावर, म्हणजे पोर्टलवरच्या अर्जाच्या नोंदीवर 'माहितीच्या प्रतीक्षेत' एवढंच दिसायचं, आणि काही दिवसांनी 'कर्मचाऱ्याकडून प्रतिसाद नाही' म्हणून ते आपोआप बंद झालं. प्रतिसाद मी दिला होता, वाट मीच बघत होते! नवं तिकीट काढलं की फॉर्म पुन्हा पहिल्यापासून, मॅनेजरची मंजुरी पुन्हा. तेही बंद झालं. पावसाळ्यात केलेला अर्ज दिवाळी आली तरी तिथेच. क्लासच्या मॅडम दर आठवड्याला विचारायच्या, "नक्की कधी येताय?" मला त्यांना तोंड दाखवायची लाज वाटायला लागली.

एचआरला फोन केला तर मला विप्रोचं उदाहरण ऐकवलं. 2022 मध्ये विप्रोने 300 जणांना काढलं हे खरं, पण ते स्पर्धक कंपन्यांसाठी काम करत होते म्हणून. त्याच वर्षी इन्फोसिसने मात्र हितसंबंध आड येत नसतील तर पूर्वपरवानगीने बाहेरची छोटी कामं करायला मुभा दिली, हे कोणी सांगत नाही. "कायद्यानेच बंदी आहे" असंही म्हणाले. मी शोधून वाचलं. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 चं कलम 60 एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्याबद्दल होतं. माझा त्याच्याशी काय संबंध? तरीही सही केलेलं कलम नोकरीत असेपर्यंत साधारणपणे बंधनकारक धरलं जातं. म्हणून मनातून कितीही राग आला तरी परवानगी लेखीच घ्या, चहाच्या टपरीवरच्या होकारावर जाऊ नका.

शेवटी गाडं हललं ते एका पानाच्या पत्राने. क्लासच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह चार गोष्टी: विषय कोणता, वार आणि वेळ, मी त्यांची कर्मचारी नाही तर मानधनावर येणार, कंपनीचा लॅपटॉप किंवा माहिती वापरणार नाही. ते तिकिटाला जोडलं, ईमेलनेही पाठवलं, आणि मॅनेजरला सीसीत ठेवून थेट विचारलं की नेमकी हरकत कशाला आहे ते लेखी कळवा. त्याच आठवड्यात मंजुरी आली. मला ऑफिसातच रडू आलं.

तुम्हीही अर्ज करणार असाल तर हे पत्र पहिल्याच दिवशी जोडा. आणि हो, तिकिटाला उत्तर दिल्यावर स्टेटस बदललं का ते बघा. बदललं नसेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

लपवून करू म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की मानधनातून टीडीएस (कर) कापला गेला तर तो पॅनवर दिसतो आणि दुसरीकडे पीएफ भरला गेला तर यूएएनवर, म्हणजे आपल्या पीएफ क्रमांकावर. मानधन व्यवसायाच्या उत्पन्नात धरलं तर आयटीआर-1 हा साधा रिटर्न फॉर्म चालत नाही, सीएला आधीच विचारा. परवानगी एका वर्षाचीच मिळाली आहे. पुढच्या वेळचा अर्ज मी मुदत संपायच्या बऱ्याच आधी टाकणार आहे, तेच पत्र नव्या तारखेसह.