उंबरठ्यावरचा ठेका

गुरुवार, रात्री साडेदहा

आज सकाळी बाबा पुन्हा बाथरूमच्या दारात अडकले. चार दिवसांत तिसऱ्यांदा. खोलीपासून तिथपर्यंत बरे चालत आले आणि चौकट आली तसे पाय जागीच खिळले. वरचं अंग पुढे, पाय मागे. पार्किन्सनमध्ये असं होतं. दार, वळण, अरुंद बोळ आला की पाऊल उचलतच नाही. हे मला आता ठाऊक आहे, तरी घाबरून हात धरून ओढायची माझी सवय जात नव्हती. फिजिओथेरपिस्टनं बजावलं होतं, ओढू नका, तोल जाईल. आधी त्यांना जागच्या जागी डुलू द्या. एका पायावर भार गेला की दुसरा मोकळा होतो आणि पाऊल सुटतं.

आज ते नीट केलं. समोर उभी राहिले आणि त्यांचे तळवे माझ्या तळव्यांवर घेतले. घट्ट धरले नाहीत, नुसते टेकू दिले. मी डावीकडे कलले, माझ्यासोबत ते त्यांच्या उजवीकडे. मग उलट बाजूला. पुन्हा. तिसऱ्या झोक्याला त्यांची टाच उचलली गेली आणि ते मला डोळ्यांच्या आधी तळव्यांत कळलं. मी एक पाऊल मागे, ते एक पाऊल पुढे. झालं, दार पार.

दिवसभर ते हातात राहिलंय. लहानपणी मी सहा वर्षं नाच शिकले. मोठ्या आरशासमोर. हात कसा दिसतोय, मान कशी दिसतेय, रांग सरळ आहे का, हेच सगळं. भार कोणत्या पायावर आहे, हे कुणी कधी विचारलं नाही. आरसा आधी दाखवणं मला आज अगदी चुकीचं वाटतं. नाच दिसण्यापासून शिकवला की ज्याला आपण बरे दिसत नाही असं वाटतं, तो आयुष्यभर बाजूला उभा राहतो. बाबा तसेच उभे राहिले. कोणत्याही समारंभात भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, पण पायाचा अंगठा चपलेत हळूच हलायचा. तो अंगठा मी पाहिलेला आहे.


शुक्रवार

पाणी उकळेपर्यंत ओट्यासमोर डोळे मिटून उभी राहिले, मुद्दाम. 1962 साली न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये काही तरुण नर्तकांनी प्रयोग सुरू केले आणि चालणं, बसणं, धावणं असल्या रोजच्या हालचाली जशाच्या तशा नाचात आणल्या. त्यांच्यातला स्टीव्ह पॅक्स्टन पुढे शिकायला आलेल्यांना नुसतं उभं राहायला सांगायचा. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं, पण शरीर सतत किंचित पडत असतं आणि घोटे, पोटऱ्या, बोटं त्याला सतत सावरत असतात. त्यानं याला नाव दिलं होतं ‘छोटा नाच’. पहिलं मिनिटभर मला काही जाणवलं नाही. मग उजव्या घोट्यात बारीक झटका आला, मग डाव्या तळव्याची कड दाबली गेली. एकदा लक्षात आलं की थांबतच नाही ते. रांगेत, बसथांब्यावर, कुणाची वाट बघताना आपण सगळेच हे करत असतो.

बाबांचं हेच सावरणं मंद झालंय. मेंदूत डोपामिन कमी पडलं की हालचाल आतून आपोआप सुरू होणं अवघड जातं. पण बाहेरून ठेका मिळाला, समोर ओलांडायला एखादी रेघ दिसली, तर अनेकांचं पाऊल दुसऱ्या वाटेनं निघतं. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं 2001 मध्ये पार्किन्सन असलेल्यांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले. तिथे लोक बरे व्हायला नाही, नाचायला येतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. व्यायाम म्हटलं की बाबांचा चेहरा मिटतो. तसाही तो आता फारसा हलत नाही. अक्षर मुंगीएवढं झालंय, आवाज पुटपुटण्यावर आलाय. ज्या-ज्या गोष्टींतून माणूस बाहेर कळतो, त्या एकेक करून आत चालल्यात.


शनिवार, उशिरा

तो जिना आठवला.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली की दार उघडायच्या आधीच मला कळायचं, बाबा आले. दोन पायऱ्या भरभर, तिसरीवर पाय जड. टक टक, ठप्प. टक टक, ठप्प. इमारतीत इतकी माणसं, पण तसं दुसरं कुणी चढत नसे. सहीसारखं होतं ते.

आज स्वयंपाकघराच्या दारात ते थांबले, तेव्हा मी एक-दोन-एक-दोन मोजलं नाही. चौकटीवर बोटांनी तो जिना वाजवला. टक टक, ठप्प. बाबांनी मान वर केली आणि तिसऱ्या ठोक्याला, बरोबर जड ठोक्याला, पाऊल टाकलं. दार ओलांडून पुढे चार पावलं तशीच गेली, मग पाय पुन्हा घसटायला लागले. चारच. पण ती त्यांची होती.

2005 सालचा एक प्रयोग मला पूर्वीपासून आवडतो. सात महिन्यांच्या बाळांना एक सपाट ठेका ऐकवला, कुठेच जोर नसलेला. ऐकवताना काहींना दर दुसऱ्या ठोक्याला उडवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर घातलेले दोन्ही ठेके वाजवले, तर ज्या बाळाला जसं उडवलं होतं, तोच ठेका ते जास्त वेळ ऐकत राहिलं. नुसतं बसून दुसऱ्याला हलताना बघितलेल्या बाळांना तसा काहीच कल नव्हता. म्हणजे ठेका अंगातून कानात जातो, आणि ते अंग तेव्हा कुणाच्या तरी हातांत असतं. मी रात्री झोपायची नाही, बाबा मला खांद्यावर टाकून गच्चीत फेऱ्या मारायचे, असं आई सांगायची. त्या फेऱ्यांमध्येही तिसरं पाऊल जड असेल. आज चौकटीवर बोटं टेकली तेव्हा ठेका आठवावा लागला नाही मला.


रविवार

दुपारी बाथरूमचं दार. मी समोर गेले, तळवे पुढे केले, नेहमीप्रमाणे आधी डावीकडे कलणार होते. बाबांनी माझ्या हातांवर भार देऊन मला उजवीकडे नेलं. मी चुकले, अडखळले, मग त्यांच्यामागून गेले. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. ‘‘माझ्याबरोबर ये,’’ म्हणाले, इतक्या हळू की मला कान जवळ न्यावा लागला.