तलावाच्या फॉर्मवरची एक खूण आणि माझे 24 दिवस

आमच्या भागातल्या पोहण्याच्या तलावाचा फॉर्म एकच पान आहे. नाव, पत्ता, रक्तगट, दोन फोटो. तळाशी एक ओळ: 'गेल्या वर्षभरात मोठी शस्त्रक्रिया झाली आहे काय?' पुढे हो आणि नाही अशा दोन चौकटी. मी 'हो'वर खूण केली आणि तिथून 24 दिवस मला पाण्यात पाय घालता आला नाही. सात महिने होऊन गेले, तरी त्या खिडकीसमोरून जाताना अजून माझं डोकं तापतं.

माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, डिसेंबरात झाली. दुर्बिणीतून करतात, जठराचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात. वजन 118 किलो, उंची पाच फूट दोन इंच, मधुमेह, शिवाय दोन्ही गुडघे झिजलेले. तपासण्या, विम्याची मंजुरी, ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी, सगळं सुरळीत पार पडलं.

घरी आल्यावर 30 मिलीचा इवलासा कप घेऊन बसायचे. वाटीभर वरणाचं पाणी संपायला पाऊण तास लागायचा. सासूबाई समोर बसून राहायच्या, "सावकाश गं, कुठे गाडी पकडायचीय?" म्हणायच्या. चालणं तर ऑपरेशनच्या संध्याकाळीच सुरू झालं होतं, वॉर्डच्या व्हरांड्यात, सलाईनचा स्टँड धरून. पाचव्या आठवड्यात मी तीन किलोमीटर चालत होते, पण घरी आल्यावर गुडघ्यांवर बर्फ ठेवावा लागायचा. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत सर्जन म्हणाले, जखमा छान भरल्यात, आता पोहायला लागा, गुडघ्यांवर भार येणार नाही. हे त्यांनी तोंडी सांगितलं. मी आनंदात घरी आले. तिथेच चुकलं.

खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्म पाहिला, खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, डॉक्टरांचा दाखला लागेल." मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. त्यावर पोहण्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते चालेना. सर्जनना फोन केला तर ते दोन आठवडे परगावी. आमचे फॅमिली डॉक्टर वीस वर्षांच्या ओळखीचे, पण तेही म्हणाले, "ऑपरेशन मी केलेलं नाही. नेमकं काय केलंय ते ऑपरेशन नोट्समध्ये बघतो, मग सही करतो." त्यांचं मला पटलं.

नोट्स हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात. तिथल्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "दहा-बारा दिवस लागतील." मी दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही वेळा तेच. त्या दिवसांत मी रोज सकाळी बॅगेत टॉवेल आणि टोपी भरून ठेवायचे आणि रात्री काढून ठेवायचे. वजन भराभर उतरत होतं, आणि अशा वेळी चरबीबरोबर स्नायूही जातात, हे आहारतज्ज्ञ बाईंनी मला चार वेळा बजावलं होतं. म्हणजे ज्या आठवड्यांत अंग हलवायचं, तेच आठवडे मी काउंटरसमोरच्या बाकावर काढत होते. माझा राग आहे तो याचा.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या वकील काकूंनी वाट दाखवली. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारनियमांत लिहिलंय की रुग्णाने रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यावं. त्यांनी सांगितलं, तोंडी मागू नकोस, लेखी अर्ज दे, तारीख घाल आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. मी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी पाकीट तयार होतं. फॅमिली डॉक्टरांनी दाखला लिहिला, मी धावत तलावावर गेले, आणि खिडकीतून तो परत आला. शिक्क्यावर नोंदणी क्रमांक नाही! डॉक्टरांनी नवा शिक्का बनवायला टाकला होता, जुन्याची ती ओळ झिजलेली. पुन्हा रिक्षा, पुन्हा दवाखान्यातली रांग. क्रमांक हाताने लिहून, बाजूला सही घेऊन आले, तेव्हा कुठे पास मिळाला.

म्हणून कळकळीने सांगते, सहा आठवड्यांच्या तपासणीला जाल तेव्हा उठायच्या आधी दाखला मागा. 'पोहणे, चालणे व व्यायाम करण्यास हरकत नाही' एवढं एक वाक्य, तारीख, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. तीन प्रती काढा, जिमवाले आणि ऑफिसही तेच मागतात. आणि कंटाळून 'नाही'वर खूण करू नका. पाण्यात चक्कर आली तर जीवरक्षकाला तुमच्याबद्दल माहीत असायला हवं.

चक्कर येतेच, हे राहिलं सांगायचं. एका वेळी पाणी थोडंच जातं, त्यामुळे दिवसभर घोट घोट पीत राहावं लागतं. जेवणाबरोबर मात्र नाही. जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला, माझ्या गोळ्या दोनदा कमी कराव्या लागल्या. पहिले सहा आठवडे पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही, यात पाण्याची बादलीही आली. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. मी फार रडले होते, पण प्रथिनं दिवसाला 60 ग्रॅमच्या वर नेली आणि हळूहळू थांबलं. बारीक केस पुन्हा आलेत.

पहिल्या दिवशी तलावात मी फक्त कठडा धरून चालले. पाणी छातीपर्यंत होतं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा गुडघा दुखला नाही. एक आजी शेजारून पोहत गेल्या, म्हणाल्या, "पकड सोड की आता." मी सोडली.

आज वजन 84 आहे. मागच्या रविवारी पर्वतीच्या 103 पायऱ्या दोनदा थांबून चढले. पासाची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. नवा दाखला परवाच घेऊन ठेवलाय, आणि शिक्क्यावरचा क्रमांक मी तिथल्या तिथे वाचून पाहिला.