३१ मार्च आणि चोवीस पॉड

आयुर्विमा कंपनीच्या तंत्रज्ञान विभागात ३१ मार्च हा वर्षातला सर्वांत जड दिवस असतो. हप्त्यावर मिळणारी प्राप्तिकराची सवलत त्या आर्थिक वर्षासाठी हवी असेल, तर हप्ता त्या तारखेपर्यंत भरलेला असावा लागतो आणि पुष्कळ विमेदार तो अगदी शेवटच्या दिवसावर ठेवतात. ज्या ३१ मार्चबद्दल मी लिहीत आहे, त्या दिवशी मी पुण्याच्या आमच्या कार्यालयात सकाळी आठलाच येऊन बसलो होतो, कारण हप्ता ऑनलाइन भरून घेणारी आमची नवी सेवा हा दिवस पहिल्यांदाच अनुभवणार होती.

क्लाउड नेटिव्ह पद्धतीने, म्हणजे गर्दीप्रमाणे सेवेच्या प्रती आपोआप कमी-जास्त होतील अशा रीतीने, उभारलेला तो कंपनीतला पहिला प्रकल्प होता. या प्रती चालवणारे आणि सांभाळणारे कुबरनेटिस हे सॉफ्टवेअर गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले; आमच्यापर्यंत ते पोहोचायला पुढे बरीच वर्षे गेली. पॉलिसींची मुख्य प्रणाली ओरॅकल डेटाबेसवर चालत होती, तिच्यातला लहानसा बदलही वर्षातल्या चार ठरलेल्या रिलीजपैकी एकीची वाट पाहत राहत असे आणि ती मोडून नव्याने बांधण्याची जोखीम कुणी घेणार नव्हते. म्हणून जुने तसेच चालू ठेवून नवी पद्धत एका नव्या प्रकल्पात रुजवायची असे ठरले. तो निर्णय योग्य होता, असे मी आजही मानतो. आम्हा सात जणांना स्वतःचे क्लस्टर, म्हणजे सर्व्हरचा समूह, मिळाले, कोड लिहिल्यापासून तो चालू होईपर्यंतची वाट आमच्या हातात आली आणि आठवड्यातून तीन-चार वेळा रिलीज करणे आमच्या अंगवळणी पडले. ज्या कंपनीत रिलीजच्या रात्री लोक डबे घेऊन मुक्कामाला येत, तिथे आम्ही भर दुपारी नवी आवृत्ती सोडत होतो आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नव्हता.

मात्र ग्राहकाने पैसे भरले की त्याची नोंद शेवटी त्या जुन्या डेटाबेसातच व्हायची होती. पॉलिसी तिथेच होती. दुसरा मार्ग नव्हता.

अकराच्या सुमारास गर्दी वाढू लागली तशी पॉडची, म्हणजे सेवेच्या चालू प्रतींची, संख्या सहावरून दहा, मग चौदा झाली. आपोआप होणारी ही वाढ कशावर बेतायची, याचा आम्ही बराच विचार केला होता. केवळ प्रोसेसरच्या वापरावर न जाता, प्रत्येक पॉडमध्ये एका वेळी किती विनंत्या अर्धवट आहेत, हे मोजून त्यावर संख्या ठरवायची अशी आमची रचना होती. पडद्यावरचे आलेख हिरवे होते आणि साहेब लोक येऊन पाहून जात होते. अकरा वीसला डीबीए (डेटाबेस प्रशासक) मॅडमचा फोन आला. मुख्य डेटाबेस त्या वीस वर्षे सांभाळत आल्या होत्या आणि त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

“तुमची कनेक्शन आत्ता किती आहेत, ते आधी सांगा.”

मला सांगता येईना. मी पॉड मोजत होतो; त्यांनी डेटाबेसशी उघडलेल्या जोडण्या, म्हणजे कनेक्शन, मोजत नव्हतो. मॅडमनीच आकडा सांगितला: चारशे ऐंशी. आम्हाला मंजूर होती दीडशे, आणि त्या मंजुरीच्या ईमेलला ‘धन्यवाद’ असे उत्तर मीच पाठवले होते. तोवर पॉड चोवीस झाले होते. प्रत्येक पॉडच्या कनेक्शन पूलचा, म्हणजे वापरासाठी उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याचा, आकार वीस होता आणि आम्ही वापरत असलेली हिकारी ही पूलची लायब्ररी, वेगळे सांगितले नाही तर, पूल कायम पूर्ण भरलेला ठेवते. पॉड रिकामा बसला असला तरी त्याची वीस कनेक्शन उघडीच राहतात. सहा पॉडना एकशे वीस हा हिशेब आम्ही केला होता. पॉड वाढले की तो गुणाकार बदलतो, हे सात जणांपैकी एकाच्याही मनात आले नव्हते.

डेटाबेसची मर्यादा सहाशे होती आणि त्यातली दोनशेच्या आसपास देशभरातल्या शाखांच्या काउंटरना लागत. ती आता त्यांना मिळत नव्हती. शाखांमध्ये ज्येष्ठ नागरिक धनादेश हातात धरून रांगेत उभे होते आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांपुढचा पडदा गोठला होता. मर्यादा वाढवा, असे मी म्हणालो. ओरॅकलमध्ये ती बदलायची तर डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, असे मॅडम म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. ३१ मार्चच्या दुपारी ते शक्य नव्हते, हे दोघांनाही कळत होते.

खरी गोम माझ्या लक्षात आली ती त्यानंतर. डेटाबेस मंदावल्यामुळे आमच्या विनंत्या अर्धवट राहत होत्या, अर्धवट विनंत्या वाढल्या म्हणून कुबरनेटिस आणखी पॉड उभे करत होते, आणि प्रत्येक नवा पॉड त्याच गुदमरलेल्या डेटाबेसकडे आणखी वीस कनेक्शन मागत होता. ज्या मोजमापाचा आम्हाला अभिमान होता, तेच आगीत तेल ओतत होते. आम्ही कमाल संख्या तीस ठेवली होती आणि आकडा त्या दिशेनेच चालला होता.

पूलचा आकार कमी करून नवी आवृत्ती सोडावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले. पण नव्या आवृत्तीच्या पॉडना तयार व्हायलाही कनेक्शन लागणारच होते, ते मिळाले नसते आणि रिलीज अर्ध्यावर अडकून बसली असती. म्हणून आधी पॉडची कमाल संख्या सहावर आणली. आमचे ग्राहक ताटकळतील हे उघड होते. शाखेतली माणसे आधी मोकळी करायची, एवढेच त्या क्षणी ठरवले. काही मिनिटांत कनेक्शन एकशे वीसवर उतरली आणि मॅडम फोनवर शाखांची नावे घेत एकेक सुरू झाल्याचे सांगत राहिल्या. मग पूल पाचवर आणला, पॉडची कमाल संख्या वीस केली आणि मंजूर दीडशेच्या आत, म्हणजे शंभर कनेक्शनमध्ये, उरलेला दिवस काढला. ऑनलाइन सेवा संध्याकाळपर्यंत संथ होती. शाखांचे जे चाळीस मिनिटांचे काम थांबले, त्याची बोच मला अजून आहे.

आमच्या चाचण्यांत हे का दिसले नाही, याचे उत्तर सोपे होते. चाचणीसाठी जुन्या डेटाबेसची जी प्रत आम्हाला दिली होती, ती फक्त आमच्याच वापरात होती. तिच्यावर शाखा नव्हत्या, रात्री एकगठ्ठा चालणारी कामे नव्हती, दुसरे कुणीच नव्हते. नव्या प्रकल्पाला मिळणाऱ्या मोकळेपणाची आम्हाला इतकी सवय झाली होती की पलीकडच्या टोकाला इतरांचीही कामे चालू आहेत, हे मनातून निसटले होते. रचनेच्या कोणत्याही बैठकीला आम्ही डीबीए मॅडमना बोलावले नव्हते. बोलावले असते, तर हा गुणाकार त्यांनी पहिल्याच दिवशी करून दाखवला असता, याबद्दल मला शंका नाही.

पुढच्या दोन महिन्यांत आम्ही भरण्याची नोंद थेट डेटाबेसात करणे थांबवले. पैसे जमा झाल्याचा संदेश आता रांगेत जातो, ग्राहकाला पोच लगेच मिळते आणि रांगेतून नोंदी उचलणारे पॉड संख्येने कायम चारच असतात. गर्दी झाली की रांग लांबते, पण डेटाबेसवरचा भार वाढत नाही. प्रत्येक पॉडला किती कनेक्शन आणि जास्तीत जास्त किती पॉड, हे आकडे कोडसोबत एकाच फाइलमध्ये आहेत आणि त्या फाइलमधला बदल मॅडमच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाही. क्लाउड नेटिव्ह पद्धतीचा दुसरा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या बैठकीला त्या समोरच बसल्या होत्या.

पुढच्या ३१ मार्चला सकाळी अकरा वीसला मीच त्यांना फोन केला. त्यांनी आकडा पाहून ठेवलेलाच होता. “वीस,” त्या म्हणाल्या, “आणि काउंटर सगळे चालू आहेत.”