‘माझी आई कुठे आहे?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पण हा प्रश्न तुमच्या एकट्यांचा नाही. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरातून तो माझ्याकडे येतो. सासूबाई म्हणा, वडील म्हणा, संध्याकाळी उठून दाराशी येतात आणि विचारतात, "माझी आई कुठे आहे? अजून कशी आली नाही?" ती आई जाऊन कितीतरी वर्षं लोटलेली असतात. घरातले एकमेकांकडे बघतात आणि नंतर मला विचारतात, "खरं सांगायचं की खोटं बोलायचं?"

मी सांगते, आधी खाली बसा. उभ्या उभ्या, दुसरं काही करता करता या प्रश्नाला उत्तर देऊ नका. समोर बसून चेहरा बघा. तो घाबरलेला आहे, रडवेला आहे की नुसता आठवणीत रमलाय? उत्तर त्यावर ठरतं. आई हवी असते तेव्हा पुष्कळदा सुरक्षित वाटणं हवं असतं. कधी गुडघा ठणकत असतो, कधी लघवीला लागलेली असते आणि ते सांगायला शब्द सापडत नाहीत, कधी दिवसभराचा थकवा असतो. आणि कधी खरंच आईची आठवण आलेली असते, तुम्हाआम्हाला येते तशीच.

"अहो, त्या जाऊन तीस वर्षं झाली" हे उत्तर एकेकाळी तज्ज्ञांनाही योग्य वाटायचं. १९६६ साली टॉलबी आणि फॉलसम यांनी अमेरिकेत ‘रिअ‍ॅलिटी ओरिएंटेशन’ ही पद्धत मांडली. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, बाहेर हवा कशी आहे, हे रुग्णाला पुन्हा पुन्हा सांगायचं, फळ्यावर लिहून ठेवायचं. हेतू चांगला होता. अशा रुग्णांना नुसतं भरवायचं आणि स्वच्छ ठेवायचं, एवढीच तेव्हा अपेक्षा असायची. त्यांच्याशी बोलावं, त्यांना भोवतालात आणावं, हे या पद्धतीनं ठणकावून सांगितलं. मात्र हळूहळू तिचं रूपांतर चुका दुरुस्त करत राहण्यात झालं. त्याच काळात अमेरिकेतल्याच क्लीव्हलंड शहरात समाजकार्यकर्त्या नेओमी फाइल अतिवृद्ध, गोंधळलेल्या माणसांबरोबर काम करत होत्या. त्यांनी वेगळी वाट धरली, तिला व्हॅलिडेशन म्हणतात. माणूस आत्ता ज्या काळात आहे तिथून त्याला ओढून आणायचं नाही, त्याच्या मनात जे चाललंय ते खरं मानून ऐकायचं.

मी या दुसऱ्या बाजूला झुकले, त्याला एक ठोस कारण आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) झालेल्या १७ जणांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यात काय होतं हे त्यांना फारसं आठवेना. तरी भावना टिकून होती. दुःखाच्या बाबतीत तर ज्यांना कमी आठवत होतं, त्यांचं दुःख जास्त वेळ राहिलं. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिपोकॅम्पस, या आजारात लवकर बिघडतो. पण मनाला लागलेलं त्याच्याबरोबर पुसलं जात नाही. आता विचार करा. "तुमची आई गेली" हे ऐकताना विचारणाऱ्या बाईंना ती बातमी पहिल्यांदाच कळत असते. दहा मिनिटांनी बातमी विसरली जाते, पण आपण का रडतोय हे माहीत नसलेलं रडू उरतं. आणि उद्या पुन्हा तेच. असं दुःख कुणाला रोज द्यायचं कशासाठी?

मग खोटं बोलावं का? "आई बाहेर गेलीय, उद्या येईल" असं सांगून वेळ निभावता येते, पण मला ते सहसा पटत नाही. उद्या येणार म्हटलं की वाट बघणं आलं. मुलगा एक सांगतो, सून दुसरं, रात्रीची परिचारिका तिसरं. आणि आजार मध्यम टप्प्यावर असतानाही कितीतरी जणांना आपल्याला गुंडाळलं जातंय हे कळतं, फक्त ते शब्दांत धरता येत नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी चांगल्या मनाची माणसंही नकळत रुग्णाचं माणूसपण कसं खच्ची करतात याची यादी केली होती. समोर असताना वगळून बोलणं, घाई करणं, लहान मुलासारखं वागवणं हे तर त्यात आहेच, फसवणंही आहे. तरीही ज्यांनी रात्री दोन वाजता, सगळे उपाय थकल्यावर "येतेय हं आई" म्हटलं असेल, त्यांना मी दोष देणार नाही. जागरणं त्यांनी काढलेली असतात.

बहुतेक वेळा मधली वाट असते. "आईची आठवण येतेय का? कशा होत्या तुमच्या आई?" एवढं म्हणून थांबा. खरंच थांबा, उत्तर यायला वेळ लागतो, आणि आपण मध्येच दुसरं वाक्य टाकलं की त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुन्हा विचारायचं झालं तर त्याच शब्दांत विचारा. किशोरवयापासून तिशीपर्यंतच्या आठवणी बहुतेकांच्या मनात सगळ्यात घट्ट असतात, त्यामुळे आईबद्दल बोलायला मिळालं की कितीतरी जण खुलतात. एक आजी आईच्या हातांचं वर्णन करता करता स्वतःचे हात बघत बसायच्या आणि दाराकडे जायचं विसरून जायच्या. मात्र "आठवतं का?" ही सुरुवात टाळा. ती परीक्षा होते. त्याऐवजी जुना फोटो किंवा आईचं एखादं कापड हातात द्या.

कुणी शांत चेहऱ्यानं, सरळ विचारलं, "ती गेली ना?" तर मात्र हो म्हणा. हात धरा आणि बसून राहा. तेवढ्यापुरतं त्यांना माहीत आहे आणि ते सोबत मागताहेत.

आता एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही आणि मी प्रत्येकाला सांगते. हा प्रश्न संध्याकाळीच का येतो ते बघा. थकवा असतो, शरीराचं दिवसरात्रीचं घड्याळ बिघडलेलं असतं, पण घरसुद्धा बदललेलं असतं. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, मावळत्या उजेडात सावल्या लांबतात, ओळखीची खोली अनोळखी होते. अंधारलेल्या खिडकीच्या काचेत कुणीतरी दिसतं. ते आपणच आहोत हे उमगत नाही. म्हणून अंधार पडण्याआधी दिवे लावा, पडदे ओढा, कुणी बघत नसलेला टीव्ही बंद करा. गडद पायपुसणं त्यांना जमिनीतला खड्डा वाटू शकतं, चकचकीत फरशी ओली वाटू शकते. मग पाऊल अडखळतं आणि आपण म्हणतो, "ऐकतच नाहीत." संडासाचं दार पलंगावरून दिसू द्या, रात्री तिथे दिवा ठेवा. पांढऱ्या भिंतीपुढचं पांढरं कमोड दिसत नाही. कमोडवरच्या बैठकीचा रंग वेगळा करून बघा. ताटाचंही तसंच. बोस्टनमधल्या एका छोट्या अभ्यासात, २००४ साली, प्रगत अल्झायमर असलेल्यांना पांढऱ्याऐवजी लालभडक ताटं आणि पेले दिले, तर खाणं २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. ‘जेवायला नको म्हणतात’ यातलं थोडंफार ‘दिसत नाही’ असू शकतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चष्मा पुसलेला आहे का, कानातल्या यंत्राची बॅटरी चालू आहे का, हे तर रोज बघायचं.

इथे एक इशारा. गोंधळ, भास, घाबरेपणा एक-दोन दिवसांत अचानक वाढला असेल तर तो डिमेन्शिया पुढे गेल्यामुळे असेल असं धरून बसू नका. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवी गोळी, न सांगता येणारं दुखणं, यापैकी काहीही कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

थेरपीबद्दल लोक मला वेगळं विचारतात, जणू ती आठवड्यातून एक तास कुणीतरी येऊन करून जाण्याची गोष्ट आहे. ज्यांना परवडतं, मिळतं, त्यांनी जरूर घ्यावी. सौम्य ते मध्यम टप्प्यासाठी ‘कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी’, म्हणजे विचारशक्तीला चालना देणारी थेरपी, आहे : लहान गट, सात आठवड्यांत चौदा बैठका. २००३ साली इंग्लंडमध्ये २०१ जणांवर झालेल्या चाचणीत आकलनशक्तीत आणि जगण्याच्या गुणवत्तेत सुधारणा दिसली. आजार त्यानं थांबत नाही. पण तिचं एक तत्त्व मला घरोघरी पोचवावंसं वाटतं : माहिती विचारू नका, मत विचारा. "हे कोण?" याला चुकीचं उत्तर असतं. "हा चेहरा तुम्हाला कसा वाटतो, कडक की प्रेमळ?" याला नसतं. ज्यांचं मत विचारणं घरात कधीच बंद झालेलं असतं, ती माणसं या प्रश्नावर ताठ होऊन बसतात. संगीत, कपड्यांच्या घड्या घालणं, माती कालवणं यांचंही तसंच आहे. हातांना सरावाची झालेली कामं स्मरणशक्तीपेक्षा जास्त काळ टिकतात.

शेवटचं, आणि यात माझं मत पक्कं आहे. "मला काय झालंय?" असं त्यांनी आजाराच्या सुरुवातीला विचारलं तर वर सांगितलेलं काहीही लावू नका. तिथे खरंच सांगायचं. त्यांना झेपेल तेवढं, त्यांच्या वेगानं, शक्यतो डॉक्टरांसमोर. कितीतरी घरांत निदान सगळ्यांना माहीत असतं, फक्त ज्याचं आहे त्याला नसतं. त्या महिन्यांत माणूस स्वतःच्या पैशाचे, उपचारांचे, पुढे आपल्या वतीनं कोणी बोलायचं याचे निर्णय घेऊ शकतो. आपल्याला कशानं शांत वाटतं, कोणता स्पर्श आवडत नाही, कोणती गाणी लावावीत, हे लिहून ठेवू शकतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी असा कागद लिहिला. त्यात एक ओळ होती : मी चिडलो तर मला समजावू नका, चालायला न्या. पुढे ते बोलेनासे झाले तेव्हा त्यांची काळजी घ्यायला नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या मुलीनं आधी तो कागद वाचायला दिला.