तुम्ही विचारलंत म्हणून : भेळेतला कांदा कुणाचा?

"मॅडम, दहावीच्या पोरांना पैशाचं शिकवून करायचंय काय? आधी मार्क तर पडू देत."

हा प्रश्न मला पालकसभेत विचारतात, पोवई नाक्यावर भाजी घेताना विचारतात. परवा तर एका लग्नाच्या पंगतीत, वाढप्यानं जिलबी वाढता वाढता विचारला. मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला पुस्तपालन शिकवते, आणि रविवारी सकाळी नववी ते अकरावीच्या मुलांसाठी व्यवसाय आणि घरचा पैसा असा एक क्लास घेते. बारा रविवार, फी नाही, वही ज्याची त्यानं आणायची. एरवी मी हसून "या की एकदा बघायला" म्हणते आणि सटकते. आज जरा बसून सांगते.

गेल्या वर्षी एका शाळेच्या आनंद बाजारात माझ्या क्लासमधल्या चौघांनी भेळेचा गाडा लावला. दुसऱ्या रविवारी वही घेऊन आले ते छाती फुगवूनच. चिरमुरे १२० रुपयांचे, फरसाण ३६०, द्रोण ६०. एकूण खर्च ५४०. वीस रुपयांप्रमाणे ५९ द्रोण विकले, गल्ला ११८०. नफा ६४०. दुपारच्या तीन तासांत! एकानं तर पुढच्या वर्षी पाणीपुरीही ठेवायची असं जाहीर करून टाकलं.

मी विचारलं, "भेळेत कांदा नव्हता?"

"होता की."

"मग तो कुठाय वहीत?"

"तो घरचा होता, मॅडम."

तिथून पुढचा तास त्या "घरचा"वरच गेला. कांदा तीन किलो, ९० रुपये. टोमॅटो ८०. चिंच-गूळ ११०. मिरची-कोथिंबीर ४०. घरचं म्हणून जे आलं त्याचे ३२० झाले आणि नफा निम्म्यावर आला. मग पेट्रोल निघालं, कारण फरसाण आणायला एकाचे वडील गाडीवरून दोन फेऱ्या मारून आले होते. ५० धरले. राहिले २७०. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "चटणी कुणी केली?" चटणी एकाच्या आईनं केली होती. कांदाही तिनंच चिरला होता, भांडीही नंतर तिनंच घासली. त्यांच्या गावात बाईमाणसाची शेतातली हजेरी किती, हे त्या मुलाला पक्कं ठाऊक होतं : तीनशे. म्हणून अर्धा दिवस दीडशे. उरले १२०. चौघांत वाटले तर डोक्याला तीस रुपये.

"मग आईला दीडशे दिलेस का?" तीच मुलगी. मुलगा गप्प झाला. मीही काही बोलले नाही, कारण वीस वर्षं पुस्तपालन शिकवताना हा प्रश्न मला सुचला नव्हता. आमच्या पुस्तकात मालकाची उचल आहे, भांडवलावरचं व्याज आहे, घसारा आहे. घरच्या बाईनं चिरलेला कांदा कुठल्याच खात्यावर येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं शाळेत शिकवतातच की. शिकवतात, खरं आहे. आठवीत चक्रवाढ व्याज आहे. नववीच्या आणि दहावीच्या गणित भाग एकमध्ये चक्क "अर्थनियोजन" नावाचं प्रकरण आहे. दहावीच्या प्रकरणात जीएसटी आहे, शेअर्स आहेत, म्युच्युअल फंड आणि एसआयपीसुद्धा आहे. माझ्याकडे येणारी मुलं दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली आणि दलालीवरचा जीएसटी यांची उदाहरणं घडाघडा सोडवतात. त्याच मुलांच्या हातात मी बँकेची पैसे काढायची स्लिप दिली, तर "अक्षरी रुपये"समोर निम्म्यांनी "अंकी ५००" असं लिहिलं. "पाचशे"च्या पुढे "मात्र" का लिहायचं, हे एकालाही सांगता आलं नाही. (पुढे कुणी काही जोडू नये म्हणून. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, कॉलेजनं नाही.) खरं तर दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँकेत स्वतःचं बचत खातं उघडून स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. पण आपल्याकडे पासबुक आईच्या कपाटात, साडीखाली.

व्याजाचा तास मात्र मी कधीही चुकवत नाही. फळ्यावर दोन वाक्यं लिहिते. एक : बँक बारा टक्क्यांनी कर्ज देते. दोन : गावातले अण्णा शेकडा दोननं देतात. कुणाकडून घ्याल? तिसातले वीसेक हात अण्णांसाठी वर जातात. दरवर्षी. दहा हजारांवर वर्षाला बँकेचे बाराशे आणि अण्णांचे चोवीसशे, कारण शेकडा दोन म्हणजे महिन्याला, आणि ते "महिन्याला" अण्णा बोलत नाहीत, ते सगळ्यांना माहीत असतं असं धरलेलं असतं. मुलांना माहीत नसतं. अण्णा वाईट आहेत असं मी म्हणत नाही, रात्री अकरा वाजता दवाखान्याचे पैसे तेच देतात. पण दर समजून घेऊन घ्यावेत.

त्याच तासाला दुचाकीच्या हप्त्याची पावती काढतो. साठ हजारांचं कर्ज, "फक्त दहा टक्के फ्लॅट" (म्हणजे हप्ते फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच), दोन वर्षं. व्याज बारा हजार, म्हणून महिना तीन हजार. त्यात अडीच हजार मुद्दल, पाचशे व्याज. ऐकायला स्वस्त. मग मी विचारते, शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे किती पैसे उरलेले असतात? अडीच हजार. आणि त्या अडीच हजारांवर महिन्याचं व्याज किती देताय? पाचशे! वर्गात एकदम कालवा होतो. उरलेल्या रकमेवर व्याज धरून गणित केलं तर तो दर अठरा टक्क्यांच्या वर जातो. ज्याच्या दादानं नुकतीच गाडी घेतलेली असते, तो त्या दिवशी घरी जाऊन भांडतो आणि पुढच्या आठवड्यात वडिलांचा मला फोन येतो.

इथं माझं सांगायला हवं, नाहीतर मी फारच शहाणी वाटेन. माझे वडील एसटीत होते. निवृत्त झाले तेव्हा मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते, बारावीला पुस्तपालनात ९४ मार्क घेतलेली. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे कुठे ठेवायचे याची घरात चर्चा अशी झालीच नाही. नात्यातले एकजण एका पतसंस्थेत संचालक होते, बँकेपेक्षा दोन टक्के जादा मिळत होते, एवढं पुरे झालं. ठेवीचा फॉर्म मी भरला. अक्षर चांगलं म्हणून. त्यावर व्याजाचा दर, मुदत, वारस, सगळं होतं. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा असतो, सहकारी बँकेतल्याही, तेव्हा एक लाखापर्यंत होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे, आणि पतसंस्थेला तो लागू नाही, हे त्या कागदावर नव्हतं. मी विचारलंही नाही. ९४ मार्कांत तो प्रश्न नव्हता. चार वर्षांनी संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. वडील रोज सकाळी चहा पिऊन तिथं जाऊन बसायचे, इतर ठेवीदारांबरोबर, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. थोडे पैसे तुकड्यातुकड्यांनी आले. बाकीचे वडिलांच्या हयातीत आले नाहीत.

म्हणजे मुलांनी पतसंस्थेचं तोंडही बघू नये असं का? नाही. चांगल्या चाललेल्या आहेत, आमच्या गल्लीतलं निम्मं जग त्यांच्यावर चालतं. मी मुलांना एवढंच करायला लावते : कुठलाही कागद हातात आला की त्यावर काय लिहिलंय ते वाचायचं, आणि मग काय लिहिलेलं नाही ते वहीत लिहायचं. भेळेचा कांदा, अण्णांचं "महिन्याला", ठेवीचा विमा. माझा अभ्यासक्रम म्हणाल तर एवढाच, बाकी आकडेमोड त्यांना माझ्यापेक्षा पटकन येते.

"पण या वयात पैसा डोक्यात नको," असंही काहीजण म्हणतात. हे साताऱ्यात बसून म्हणणं म्हणजे कमालच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवलं आणि कमवा व शिका हे रीतसर शिक्षणात आणलं. पोरं शेतात राबायची आणि शिकायची. अण्णांनी स्वतः (हे अण्णा वेगळे हो!) ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकायचं काम केलेलं, त्यांना गल्ला आणि उधारी ठाऊक होती. आणि आपल्याच जिल्ह्यातलं म्हसवड घ्या. चेतना सिन्हांच्या माणदेशी महिला बँकेला रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला, बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून. त्या बायका साक्षरतेचे वर्ग करून पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याज काढायला सांगा, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटर द्या, बघू कोण आधी काढतं. १९९७ साली बँक उभी राहिली. ही गोष्ट मी सांगते तेव्हा मुलं हसतात, मुली हसत नाहीत.

शेअर बाजाराचं विचारणारे वेगळे. "ट्रेडिंग शिकवता का?" असा थेट प्रश्न, तोही बहुतेक वेळा बापाकडून. मुलांना दादाच्या मोबाइलवर फ्युचर्स-ऑप्शन्स (शेअरचा भाव पुढे काय होईल यावर लावायचे सौदे) खेळताना मी पाहिलंय, म्हणून एक तास त्यावर घालवते, पण वेगळ्या कारणानं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी शंभरातल्या ९३ जणांना तोटा झाला, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. हे वाचून दाखवलं की एखादा म्हणतोच, "मी त्या सातांतला, मॅडम." त्याला मी भेळेची वही दाखवते.

मला स्वतःला क्लासमधून सगळ्यात जास्त शिकवलं ते कोरेगावकडच्या एका पोरानं. घरचा हिशेब आणा म्हटल्यावर त्यानं आल्याचा आणला. "गाडीला एवढे मिळाले." शहरातल्या पोरांना वाटलं ट्रक भरून आलं! त्यानं समजावलं, आमच्याकडं आलं गाडीवर विकतं, गाडी म्हणजे पाचशे किलो, ट्रकबिक काही नाही. भाव नसला तर आलं काढत नाहीत, जमिनीतच ठेवतात. बेणं, शेणखत, ठिबक, कंदकुजीची औषधं, काढणीची मजुरी, सगळं वडिलांनी डायरीत लिहिलेलं, तारखेसकट. जमिनीत जादा ठेवलेल्या महिन्यांचं काय, सोसायटीच्या कर्जावर व्याज चढतच होतं ना, असं मी विचारलं. त्यानं वहीत बघितलं. तो रकाना नव्हता. पण त्याच्या आजीच्या, आईच्या आणि त्याच्या स्वतःच्या कामाचाही नव्हता. "सुट्टीत मी बेणं लावायला असतो की," म्हणाला, जणू आत्ताच कळलं.

भिशीवर बोलायला हवं होतं, पण तिथं मुलांच्या आया माझ्यापेक्षा तयार असतात. लिलावाच्या भिशीत, म्हणजे जी सगळ्यात कमी घ्यायला तयार तिला त्या महिन्याचे पैसे, वीस हजारांची भिशी कुणी पहिल्याच महिन्यात सतरा हजारांना उचलली, की मुलं म्हणतात तिला तोटा झाला. मग कुणाची तरी आई सांगते, त्या महिन्यात तिच्या पोराची फी होती. एवढं कळलं की माझं काम संपतं.

तर तो भेळवाला मुलगा. दिवाळीनंतर त्याची आई मला मंडईत भेटली. मला वाटलं, दीडशेबद्दल काही बोलणार. "मॅडम, तुमी काय शिकवून ठेवलंय ह्याला?" म्हणाल्या. दीडशे त्यानं दिले होते, तक्रार वेगळीच होती. तेव्हापासून घरात सगळ्याचं बिल लावतो : दळण आणणं दहा रुपये, आजीला दवाखान्यात नेणं वीस, पेट्रोल वेगळं. फ्रीजवर चिकटवलंय. मी ओशाळून काहीतरी पुटपुटले.

"न्हाई, मी पण मग वही घेतली," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून काढून दाखवली. पाठकोरी, त्याचीच जुनी. पहाटे पाचपासून, ओळीनं, तारखेसकट. दोन्ही बाजूंनी चार पानं भरली होती. बेरजेची जागा कोरीच होती.

"ती दिवाळीच्या फराळाचं लिहून झालं की करणार," म्हणाल्या, आणि मेथीच्या जुडीचा भाव करायला वळल्या.