तेल वर येणारच! आमच्या दाण्याच्या बटरची वाटचाल

खान्देशात शेंगदाण्याचं कौतुक कोणी कोणाला सांगायचं? भुईमुगाच्या ‘जेएल’ वाणांनी नावात जळगाव मिरवलं, आणि आमचं अमळनेर १९४५ पासून वनस्पती तुपाच्या कारखान्याचं गाव. तेल म्हणजे काय, हे इथे पोरासोरांनाही कळतं. तरी आम्ही नवरा-बायकोने दाण्याचं बटर करायला घेतलं, तेव्हा गल्लीने तोंडावर विचारलं, “हाई ते दाणास्ना कूटच शे ना भाऊ?”

पहिलं मशीन म्हणजे एका इडलीवाल्याकडून घेतलेला जुना टिल्टिंग ग्राइंडर. ग्रॅनाइटचे दगड टाकी लावून घेतले. मिक्सरमध्ये दाणा तापतो, चव जळकी येते. दगडावर तो सावकाश उकलतो. आधी कूट, मग कडेला चिकटणारा ओलसर गोळा. त्यानंतर बराच वेळ काहीच होत नाहीसं वाटतं, आणि नेमके तिथेच लोक घाईने पाणी घालतात. पाण्याच्या चार थेंबांनी लगदा घट्ट बसतो आणि टिकतही नाही. अहो, दाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं, ते सुटेपर्यंत थांबा की! दगडाची खरखर जाऊन लपलप सुरू झाली की समजायचं. गूळ घालायचा असेल तर खाताना घाला, बरणीत नको.

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग एका मोठ्या वितरकाने माल उचलायला सुरुवात केली. त्याच्या शब्दावर कर्ज काढून दाणे भाजायचा रोस्टर घेतला, हंगामात शेंग भरून ठेवली. मे महिन्यात, आपल्याकडच्या त्या ४५ अंशांच्या उन्हात, त्याच्या पत्र्याच्या गोदामात बरण्यांवर बोटभर तेल आलं. येणारच! चमच्याने ढवळलं की झालं. त्याने मात्र “माल खराब” म्हणत टेम्पो आमच्या दारात रिकामा केला आणि मागची बिलंही अडकवली. थोड्याच दिवसांत त्याच दुकानांत दुसरंच बटर दिसू लागलं. आमच्यासारखंच पिवळं झाकण, वर ठळक अक्षरात ‘तेल सुटत नाही’. का सुटत नाही, ते मागे बारीक अक्षरात होतं: हायड्रोजनेटेड, म्हणजे घट्ट केलेलं तेल, आणि साखर. आमच्या लेबलवर दाणे आणि मीठ, बस. तो राग अजून गेलेला नाही आणि जायचाही नाही.

त्या वेळी आम्हाला तारलं ते खानावळवाल्या जिजीने. आमचं पहिल्यापासूनचं गिऱ्हाईक. आली, एक बरणी उघडली, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, “तेल वर उनं म्हणजे माल खरा शे.” परत आलेला माल तिने रोखीने उचलला, पारोळा-धुळे रस्त्यावरच्या ढाबेवाल्यांनाही घ्यायला लावला. बँकेचे हप्ते त्यातून फिटले.

जिजीचा रस्सा एकदा करून बघाच. भाजलेला कांदा-खोबरं आणि काळा मसाला तेलात परतला, की दोन चमचे बटर वाटीभर कोमट पाण्यात पातळ करून ओतायचं आणि मंद आचेवर तवंग येऊ द्यायचा. थेट गोळा टाकाल तर बुडाला लागेल. शेव वाढतानाच. भरताला मात्र बटर कच्चंच, मिरची-लसणाबरोबर ठेचून.

आणि घरी करणार असाल तर दाणे निवडताना कंटाळा करू नका. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा दाणा सरळ फेका. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून जात नाही. आमच्याकडे आजही दळण्याआधी बायका सुपात दाणा निवडतात. मशीन घ्या म्हणून सांगणारे येतात, पण त्यांच्या हाताची नजर मशीनला नाही.

बदामाचं, काजूचं बटरही आता करतो, पण घर चालतं दाण्यावर.

त्या वितरकाचा हल्ली पुन्हा फोन येतो. माल देतो. आगाऊ पैसे घेऊन, आणि ‘तेल वर आल्यास माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावर छापून.